रूथताईवर केलेली प्रीती

मी आयुष्यात ठरवून, वेळ काढून, पद्धतशीरपणे एकाच माणसावर प्रीती केली, आणि त्यात पडेगावातल्या एका शेळीला चढली.

ते माणूस म्हणजे माझी थोरली बहीण रूथताई. ती पडेगावात राहायची, मी जवळच्याच छावणी भागात. चर्च एकच, पण दोन वर्षं ती डावीकडच्या बाकावर आणि मी उजवीकडच्या! झालं होतं असं, की आई गेल्यावर आठवड्याभरात मी तिची खोली आवरली. कपडे गरजूंना, भांडी नात्यात, गोधडी दारावर आलेल्या एका म्हातारीला. (रेंगाळलेली कामं मला बघवत नाहीत.) रूथताई गोधडी न्यायला आली तेव्हा खोली लख्ख होती. ती इतकंच म्हणाली, "बेबे, तू आईच आवरून टाकलीस गं." त्यानंतर बोलणं बंद.

मला वाटलं, होईल सुरू. नाही झालं. उपासनेत गीत सुरू झालं की डावीकडून तिचा खालच्या पट्टीतला आवाज यायचा आणि माझी ओळ चुकायची.

अशात एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "प्रीती ही नुसती वाटण्याची गोष्ट नाही, करण्याची आहे!" मी ताठ बसले. वाटण्याच्या बाबतीत मी कच्ची. पण करायचं म्हटलं की पदर खोचून तयार! रूथताई फर्दापूरला लेकीकडे गेलीय आणि शनिवारी दुपारी परतणार, हे कानावर आलंच होतं. ती यायच्या आत तिचं घर चकाचक करायचं मी ठरवलं.

"तिला विचारलंस का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"प्रीती काय विचारून करतात?"

"आपल्या वेळी माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना विचारलं होतं," हे म्हणाले आणि त्यांनी मुकाट्याने बादली उचलली.

किल्ली शेजारच्या शेवंताबाईंकडे असायची. "ताईला ठावं हाय व्हय?" त्यांनी डोळे बारीक केले.

"तिला चकित करायचंय."

"करा बाई. व्हतीलच त्या चकित."

मी जोरात सुटले! जळमटं काढली, डबे उंचीप्रमाणे लावले, हळद मिठाशेजारी आणि चहा वरच्या फळीवर. मग खाटेखाली सापडली एक चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. सोडून बघते तर आत काळं पाणी, त्यात फुगलेले काळे मणी, वर फेस, आणि आंबूस भपकारा!

"अहो, लोणचं सडलंय बघा!"

"लोणच्यासारखं दिसत नाहीये गं."

"सडल्यावर कसं दिसेल?"

मी ती बरणी परसात रिकामी केली, घासली आणि उन्हात पालथी घातली. समाधानानं घाम पुसतेय तोच शेवंताबाईंची आरोळी आली. "वं बाई! माझ्या शेळीला काय चारलं?"

शेळी परसातले काळे मणी चाटूनपुसून खाऊन माझ्याकडे येत होती. म्हणजे तिचे पुढचे पाय माझ्याकडे येत होते. मागचे दौलताबादला निघाले होते! शेवटी ती ह्यांच्या गुडघ्याला रेलली आणि तिनं डोळे मिटले.

"लई गरीब जनावर व्हतं वं माझं," शेवंताबाई हळहळल्या. "अशी कधी वागली नाय."

नेमकी तेव्हाच पाळकसाहेबांची सायकल दारात थांबली. "सलाम, बाई! तुम्ही, बहिणीच्या घरी? देवाची स्तुती असो!" त्यांचा चेहरा इतका उजळला, की मला पुढचं ऐकवेना. "उद्या प्रभुभोजन. रूथताईंनी मनुकांचा द्राक्षारस केलाय, तो न्यायला आलो. खाटेखाली ठेवतात त्या."

हे बरणीकडे बघू लागले. मी शेळीकडे. द्राक्षारस करायचं काम आमच्या आईचं. ती गेल्यावर ते कुणी उचललं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आणि रिक्षातून रूथताई उतरली! दारात पाळक, परसात झिंगलेली शेळी, मेहुण्याच्या हातात खराटा. ती तडक आत गेली, डबे खडखडले, आणि मागच्या दारातून आवाज आला, "बेबे!"

दोन वर्षांनी!

"आगाऊ कुठली! माझी हळद कुठंय? चहा वर कुणी चढवला? आन् बरणी घासलीस? आईची बरणी हाय ती!"

मी हसत उभी राहिले.

"हसतीस काय?"

"काही नाही. तू बोल ताई."

ती बोलली! हे आणि पाळकसाहेब सायकलीवरून दौलताबादच्या रस्त्याला द्राक्षं शोधायला गेले, ते येईपर्यंत बोलली. द्राक्षं कुस्करताना, उकळताना, गाळताना बोलली. मी मदतीला हात पुढे केला की म्हणे, "तू बस. नुसती बस!" तेवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

रविवारी ती उजवीकडच्या बाकावर आली. मध्ये पर्स ठेवून बसली, पण बसली. गीतात तिचा आवाज अगदी कानाशी आला, आणि माझी ओळ चुकलीच.

मग मला युक्ती सापडली. पडेगावला जायचं आणि येताना तिचा एखादा डबा हळूच भलत्या फळीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बाई भांडायला हजर! मी चहा आधीच टाकलेला असायचा.

आता ती नाही. तिचं घर आवरायची वेळ आली तेव्हा मी तिच्या लेकीला म्हटलं, "राहू दे गं. घाई कसली?" माझं स्वयंपाकघर मात्र जागच्या जागी आहे, त्यात चूक काढणारं कोणी येत नाही. परवा न राहवून मीच मिठाच्या डब्यात साखर भरली आणि सकाळभर फाटक वाजतंय का ते ऐकत बसले. दुपारी हे आमटीचा भुरका घेऊन हळूच म्हणाले, "ताईची आठवण आली?"

"छे! नवी पद्धत आहे," मी म्हटलं आणि बाणेदारपणे माझ्याही भातावर दोन पळ्या ओतल्या. पद्धतशीर बाईनं निदान साखर तरी बेतानं घालावी की नाही!