भाऊजींची ज्योत

माझ्या भाऊजींना भुवया नव्हत्या. म्हणजे लग्नात होत्या, फोटोत आहेत. पण पिझ्झाचा गॅस ओव्हन घेतल्यानंतर त्या पुरत्या कधी उगवल्याच नाहीत. एवढ्यावरून तरी माणसाने काही शिकावं! पण शिकायचं कशाला? पुण्यातल्या एका हॉटेलात आठ महिने भांडी विसळून आले होते आणि घाटंजीत स्वतःला शेफ म्हणवून घेत होते.

ज्या वर्षी बोंडअळीने कापूस पोखरला, त्याच वर्षी माझ्या वडिलांची पाव-टोस्टची बेकरी बंद पडली. खेड्यापाड्यांत टोस्ट घेणारेच उरले नव्हते. तेव्हा ताईच्या बांगड्या मोडून भाऊजींनी हा ओव्हन आणला आणि बसस्टँडजवळ उघड्यावर गाडी लावली. ताईचं घर आणि आमचं, दोन्ही आता त्या एका ज्योतीवर चालायची होती. आणि ज्योत कुणाच्या हातात, तर या गृहस्थांच्या.

ओव्हन पेटवून पाच मिनिटं झाली की ते पिझ्झा आत सरकवत. खालचा दगड तापायला अर्धा तास लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वरून चीज करपायचं, खालून पीठ कच्चं. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की म्हणत, "इटलीत असाच खातेत." वडील गाडीवर आले की चिमूटभर मैदा दगडावर टाकून बघायचे. दहा मोजेपर्यंत तो बदामी झाला तर दगड तयार, लगेच काळा पडला तर ज्योत कमी करायची. त्यावर जावई हसायचे. "मामाजी, हे काय लाकडाची भट्टी आहे? यात मीटर आहे, मीटर!" ते मीटर वरची हवा मोजायचं. मीटरला दगडाचं काही कळत नव्हतं आणि भाऊजींना मीटरचं.

ओव्हनचं तोंड ते नेहमी रस्त्याकडे ठेवत, लोकांना ज्योत दिसावी म्हणून. मग वारा आत शिरे आणि ज्योत विझे. वडील बजावून थकले होते, "ज्योत गेली का आधी चावी बंद करा. मंग पाच मिनिटं हात लावाचा नाही, साचला गॅस निघून जाऊ द्या." भाऊजी चावी तशीच उघडी ठेवून लायटर मारत. "पाच मिनिटांत गिऱ्हाईक पळते, मामाजी." भुवया पळाल्या त्या अशा.

पुढे यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात एका कारखान्याने पन्नास पिझ्झांची ऑर्डर दिली. जमलं तर दर महिन्याला बोलावू म्हणाले होते. ताईने त्या दिवशी उपास धरला. कारखान्याच्या मैदानात गाडी लावली तेव्हा वारा सुटला होता. मी ओव्हनशेजारी पीठ थापत होतो आणि भाऊजी पाठ फिरवून पाहुण्यांना इटली समजावत होते. ज्योत गेलेली मला दिसली. चावी माझ्या हाताच्या अंतरावर होती. पण चारचौघांत एकदा फजिती होऊच दे, असं मनात आलं आणि मी पीठ थापत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. ते वळले, "काबे, ज्योत काहून दिसत नाही?" म्हणाले आणि लायटर आत घातला. भपका झाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

ऑर्डर गेली, त्यामागून गाडीही गेली. हात बरा झाला, पण बोटं मिटेनात. पीठ मळणं संपलं. भाऊजींना उमरखेडच्या एका कापडदुकानात काम मिळालं. मी त्यांना बसवर सोडायला गेलो. ताई खिडकीजवळ बसली तशी ते मला जरा बाजूला घेऊन गेले. जातानाही काहीतरी फुशारकी मारणार, असंच मला वाटलं.

"तुले दिसलं होतं ना, ज्योत गेली ते?"

मी मान खाली घातली.

"तुया ताईले सांगू नको," ते म्हणाले. "तिले एकच भाऊ आहे."