भात्यापाशी बसणारे सुपडूभाऊ

अमृता स्मृती पेटीवादन स्पर्धेचे सोळा वर्षांचे फोटो माझ्याकडे आहेत, आणि लहान गटाच्या एकूणएक फोटोत सुपडूभाऊंची पाठ आहे. पेटीमागे लेकरू, पेटीपुढे भाऊंचा पांढरा सदरा. लेकराचे फार तर कान दिसतात.

कारण साधं आहे. सात-आठ वर्षांच्या पोराचा हात पेटीच्या भात्यापर्यंत धड पोचत नाही. पोचला तरी भाता मारू की सूर शोधू, अशी गत होते. म्हणून भाऊ समोर मांडी घालून बसतात आणि भाता मारतात. त्यांची लेक अमृता लोधीपुऱ्यात माझ्याकडेच शिकायची. घरी तिचा भाता तेच मारत. नवव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. पुढच्याच वर्षी भाऊंनी घराच्या ओसरीवर पाच पोरं बसवून स्पर्धा घेतली. बक्षीस काय, तर स्टीलचा डबा! आता नेपानगर, खकनारहून साठ-साठ मुलं येतात, शाळेचा हॉल घ्यावा लागतो. भाऊंना मात्र अजून सा कुठला नि प कुठला, कळत नाही. केळीच्या गाड्या भरण्यात जन्म गेला माणसाचा.

यंदा पालकांनी मला घेरलं. चांदनी गावची पूर्णिमा, आमच्या तेजस्विनीची आई, तर हमरीतुमरीवर आली. "मॅडम, व्हिडिओत बच्ची दिखतच नाही! नातेवाइकांना काय भाऊंची पाठ पाठवू?" मी मुळात फटकळ, त्यात वैतागलेली. फॉर्मवर छापूनच टाकलं: भाता स्पर्धकानेच मारावा. भाऊंना विचारलंसुद्धा नाही.

फॉर्म हातात पडल्यावर ते घरी आले. "मग मी कुठं बसू?"

"पहिल्या रांगेत, सोफ्यावर. यजमान ना तुम्ही?"

"तिथून लेकरू दिसत नाही, मॅडम. स्पर्धेतलं बाकी काहीही बदला. तेवढी जागा राहू द्या."

"अहो भाऊ, लोकांची कटकट तुम्हाला ऐकावी लागत नाही!" मी फाडकन बोलले. ते गुमान उठून गेले.

स्पर्धेच्या दिवशी सोफ्यावर अवघडून बसले होते, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. पहिल्या दोन पोरांचा भाता मध्येच थांबला, सूर विरला, दुसरं तर रडायलाच लागलं. तिसरी तेजस्विनी. आठ वर्षांची, पण हात चांगला लांब. ती बसली, भाता उघडला, आणि वाजवेचना.

"काय झालं गं?" मी स्टेजखालून दटावलं.

"समोर कुणीच नाही. भाऊंना बोलवा ना."

"भाता तुझा तूच मारायचाय, बाई!"

"मारते ना मी! ते खाली बसतील."

हॉल हसला. भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. परवानगी मागत होते हो, स्वतःच्या लेकीच्या स्पर्धेत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नुसता हात केला. ते चपला काढून वर गेले आणि हात मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसले. पोरीने भूप असा काही वाजवला की बस्स. पूर्णिमाने मोबाइल केव्हाच पर्समध्ये टाकला होता.

चहाच्या वेळी मी त्यांनाच झापलं. लाज वाटली की मला रागच येतो. "एवढं जिवाला लागलं होतं तर भांडायचं नाही का माझ्याशी?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "कुठल्या तोंडाने भांडू, मॅडम? अमृता वाजवायची तेव्हा माझा एक हात भात्यावर आणि दुसऱ्या हातात फोन. केळीचे भाव विचारत बसायचो. ती म्हणायची, बाबा, बघा ना. मी नुसतं हूं हूं करायचो. वाजवताना तिचं तोंड कसं दिसायचं, मला माहीतच नाही."

मी पदराने डोळे पुसले आणि पुढचं नाव पुकारलं. भाऊ लगबगीने उठून स्टेजकडे निघाले.