हैदराबादला डोळे दाखवायला

आमच्या सेलूत बाईमाणसाला गाव सोडायला चार कारणं चालतात. लग्न, मयत, देव आणि दवाखाना. पाचवं कुणी ऐकून घेत नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, स्वतःच्या पगारावर पोरांची शिक्षणं केली, निवृत्त झाले. तरी ‘मला एका मोठ्या शहरात दोन दिवस एकटीनं नुसतं पायी हिंडायचंय’ हे वाक्य माझ्या तोंडून घरात कधी निघालं नाही. मी म्हणाले, “डोळे दाखवायला हैदराबादला जाते.” झालं. आमच्याकडची निम्मी माणसं डोळ्यांसाठी तिकडंच जातात, त्यामुळं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझे डोळे ठणठणीत होते. आजही आहेत. हे खोटं भोवलं ते मला नाही, माझ्या धाकट्या जावेला. तेच लिहायला बसले आहे.

हिंडण्याचं खूळ शिरलं ते एका लग्नात. नात्यातलं लग्न हैदराबादला होतं, काचीगुड्याजवळच्या कार्यालयात. दुपारी वऱ्हाड जेवून आडवं झालं आणि मी डोकेदुखीची गोळी आणायला म्हणून बाहेर पडले. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मग मला थांबावंसंच वाटेना. बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी, असे दोन तास चालले. वाटेत एकही माणूस मला ‘कुठं निघालात बाई?’ म्हणाला नाही. सेलूत मी घरापासून स्टेशनपर्यंत गेले तर हा प्रश्न निदान दहाजण विचारतात आणि उत्तर आवडलं नाही तर अकरावा आमच्या मिस्टरांना जाऊन विचारतो. परत आले तेव्हा नणंदेनं गोळी कुठाय विचारलं. मिळाली नाही म्हणाले. एवढ्या मोठ्या शहरात गोळी मिळाली नाही, हेही तिनं ऐकून घेतलं. दवाखान्याशी नातं सांगणारं खोटं किती सहज पचतं ते मला तिथंच कळलं.

पुढच्या वर्षी मी ‘डोळ्यां’साठी गेले. मिस्टर सोबत येतो म्हणाले, तर तिथं दिवसभर रांगेत बसावं लागतं, तुमची कंबर धरेल, असं सांगून त्यांना बसवलं. संध्याकाळी सेलूला गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. पायात घालायचे बूट पिशवीत तळाशी ठेवायचे आणि परभणी मागं पडली की चपला काढून ते चढवायचे. साडीखाली बूट घालून मी आमच्या गल्लीतून गेले असते तर महिनाभर दुसरा विषय नसता.

स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये पिशवी टाकायची आणि निघायचं. अफजलगंजवरून नव्या पुलावर यायचं, खाली मुशी नदीचं काळं पाणी बघत उभं राहायचं, मग पत्थरगट्टीतून मोत्यांच्या दुकानांसमोरून पुढं. छत्ता बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या छोट्या छोट्या गाळ्यांपुढं मी तासन्‌तास घालवले. एक म्हातारा कारागीर बोरूनं उर्दू अक्षरं काढत बसलेला असायचा. त्यानं एकदा मान वर न करता विचारलं, “अम्मा, कायकू धूप में खडे? अंदर बैठो.” कुठल्या म्हणून विचारलं. परभणीकडची म्हटल्यावर म्हणाला, “अरे, अपने इच लोगां हैं!” आणि स्टूल पुढं सरकवला. मी बसले. त्यानं पुढं काहीच विचारलं नाही. नवरा कुठाय, मुलं किती, एकट्याच का. काही नाही. अक्षर काढत राहिला.

मला तिथं कळलं की मला माझी सोबत आवडते. पन्नाशी उलटल्यावर हे कळणं म्हणजे किती उशीर. रागही आला. एवढ्या साध्या सुखासाठी मला आजारी पडावं लागत होतं.

आणि आजार निभवावा लागत होता. परत येताना मी काळा चष्मा लावून गाडीतून उतरायची. एका औषधाच्या दुकानातून डोळे थंड ठेवणाऱ्या थेंबांची साधी बाटली आणायची आणि आठवडाभर रोज तीन वेळा थेंब घालून घ्यायची. आमच्याकडं माणूस दवाखान्यातून आलं की गल्ली त्याला बघायला येते. मोसंब्या, बिस्किटांचे पुडे. “आता कसं वाटायलंय?” मी म्हणायची, बरंय आता. चष्म्याआडून त्यांचे चेहरे बघत मनात हसायची. काय वाईट होतं ते हसणं.

थेंब घालायची ती माझी जाऊ. आमचं घर एकच, चुली दोन. तिचं माहेर सोनपेठकडचं, शाळा चौथीपर्यंत. दीर शेती आणि कापसाचं बघायचे, ती घर, दोन म्हशी आणि मला बघायची. ती मला अक्का म्हणते. मी बाजेवर आडवी पडायची आणि ती पदराला हात पुसून, माझी पापणी दोन बोटांनी अलगद उघडून थेंब सोडायची. स्वतःच्या लेकरालाही इतक्या हळुवार हातानं कुणी औषध घालत नसेल.

तिसऱ्या खेपेच्या आधी ती म्हणाली, “अक्का, मला बी न्या की तुमच्या डाक्तरकडं. रातच्याला बल्बाभवती कडं दिसायलंय. रंगीत.”

मी पिशवी भरत होते. बूट तळाशी होते, वर साडी. मी म्हणाले, “मोतीबिंदू असेल. पिकू दे. पिकल्याशिवाय हात लावत नाहीत ते.”

आमच्याकडं सगळेच असं म्हणतात, मोतीबिंदू पिकू द्यावा. पण सगळ्यांनी म्हणणं वेगळं आणि मी म्हणणं वेगळं. मी शिकलेली, मी शाळेतली बाई, मी दरसाल हैदराबादच्या डॉक्टरकडं जाऊन येणारी. घरात डोळ्यांविषयी माझा शब्द शेवटचा होता. दीरसुद्धा म्हणाले, वैनी म्हणतेत तर पिकू द्या. परभणीत दाखवायचंही त्यांनी मनातून काढून टाकलं. वैनी नेतील की एकदा.

तिला नेणं म्हणजे काय, हे मला लगेच कळलं होतं. दोन दिवस बाकावर बसणं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कुठल्या डॉक्टरकडं नेणार होते मी? दवाखाना मी बाहेरूनसुद्धा पाहिला नव्हता. दोष समाजावर ढकलायला मला आवडलं असतं, आणि थोडं त्याच्यावर जातंही. पण तिला तपासायला नेऊन माझं खोटं उघडं पडू द्यायचं की नाही, हे ठरवणारी मी होते. मी ‘नाही’ असंच ठरवलं. मी गेले, नव्या पुलावर उभी राहिले, चालले, आले.

त्या खेपेनंतर ती थेंब घालताना पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाजवळ. “हललात व्हय अक्का?” ती म्हणाली. मी हलले नव्हते. मी हो म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं बोटानं माझी पापणी चाचपली, मग नीट डोळ्यात पडला. मी उठून बसले तेव्हा ती बाटलीचं झाकण खाली शोधत होती. झाकण तिच्या गुडघ्याशेजारीच होतं. मला ते दिसलं, आणि मला जे दिसलं त्याचा अर्थही कळला. खोटं बोलणार नाही. मला कळलं होतं.

मी स्वतःशी म्हणाले, पुढच्या वर्षी नेते. पुढच्या वर्षी तिनंच पुन्हा विचारलं, आणि मी म्हणाले की या खेपेला माझाच नंबर कसाबसा लागलाय, तुझा पुढच्या खेपेला लावून ठेवते. ती बरं म्हणाली. तिला हे ‘नंबर लावणं’ एवढं मोठं वाटलं की तिनं मला वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या दशम्या मी मुअज्जम जाही मार्केटच्या पायरीवर बसून खाल्ल्या. चव चांगली होती. त्या दिवशी मी सगळ्यात लांब चालले.

मग संक्रांत आली. आमच्या अंगणात हळदीकुंकू होतं, पंचवीसेक बायका. जाऊ कुंकू लावत होती आणि मी वाण देत होते. तिनं समोरच्या वकिलीणबाईंना कुंकू लावलं ते कपाळावर नाही, डाव्या भुवईवर. बायका हसल्या. पुढच्या बाईला लावलं ते नाकाच्या शेंड्यावर. आता तर हसून हसून पुरेवाट झाली. “आज भांग पेलीय का गं?” कुणीतरी म्हणालं. तीही हसली. करंडा हातात धरून, कुणाकडं बघून हसावं ते न कळून, भलतीकडंच बघत हसली. मीही हसले. पंचवीस बायकांत ती का चुकतेय हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मीही हसले.

त्या आठवड्यात दीर तिला परभणीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, मोठ्या ठिकाणी लगेच न्या. दीर घरी येऊन म्हणाले, “वैनी, कापसाचं चालू हाय, माझा पाय निघंना. तुमीच न्या. तुमचा डाक्तर हाय की तिथं.”

आम्ही दोघी गेलो. काचीगुड्याला उतरल्यावर तिनं माझा दंड घट्ट धरला. दवाखान्याचा पत्ता मी परभणीच्या चिठ्ठीवरून रिक्षावाल्याला वाचून दाखवला. मी दरसाल येणारी बाई चिठ्ठी का वाचतेय, हे तिनं विचारलं नाही.

आत काउंटरवर एक मुलगी होती. “पेशंट का पुराना नंबर है क्या?”

मी तोंड उघडायच्या आत जाऊच बोलली. “माझा न्हाई, पन आमच्या अक्काचा हाय बगा. इथंच येतेत दरसाली.” केवढ्या ऐटीत म्हणाली.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. “आपका नाम, अम्मा?”

तेव्हाही काहीतरी थाप मारता आली असती. कागद हरवला, दुसरा दवाखाना होता. सवय झालेलीच होती. पण माझा दंड तिच्या मुठीत होता. मी म्हणाले, “मेरा नंबर नहीं है. मैं यहाँ कभी नहीं आई. कहीं नहीं दिखाया.”

मूठ तशीच राहिली. सैल झाली नाही, आवळली नाही.

पुढं दुपारपर्यंत तपासण्या. एका यंत्रात तोंड घालून बसायचं, आत बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. तिचा अंगठा बटणावर ठेवलेला होता. बराच वेळ तो नुसताच ठेवलेला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? जाऊ म्हणाली, “दिवाळीपासनं.”

“ये दिवाली का नहीं है,” त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या. “बहुत पुराना है. पहले क्यों नहीं लाए?”

जाऊ पुन्हा म्हणाली, “न्हाई न्हाई, दिवाळीपासनंच.” तिनं मला सांभाळून घेतलं. मी तिला न्यायचं वर्षावर वर्षं ढकललं आणि माझ्यासाठी खोटं बोलायला तिनं डॉक्टरपुढं एक क्षणही घेतला नाही. उजवा डोळा गेला होता. डाव्यात मधोमध थोडं उरलं होतं, नळीतून बघावं तेवढं. औषध जन्मभर घालायचं, ते उरलेलं टिकवण्यासाठी. गेलेलं येणार नाही.

बाहेर आलो. ऊन होतं. पायरीवर बसलो, मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिनं दोन घोट घेतले आणि रस्त्याकडं तोंड करून विचारलं, “मग तुमी दरसाली इथं काय करायच्या?”

“चालायचे.”

“कुठं?”

“कुठंही. बाजारातून, पुलावरून. नुसतं बघत.”

“एकल्याच?”

“एकटीच.”

मला वाटलं, आता ती बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या, हक्कच होता तिचा. बाटली मांडीत धरून ती म्हणाली, “लय चांगलं वाटत असंल.”

“हो.”

“मला सांगायचं व्हतं की अक्का. मी कुनालाच बोलले नसते. डोळं दाखवायचं सांगून मी बी आले असते तुमच्यासंगं. हिंडलो असतो दोघी.” तिनं बाटलीचं झाकण लावलं, चाचपून, दोनदा. “तवा दिसत व्हतं मला.”

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला आणि पदर नीट केला. आम्ही उठलो, फाटकापर्यंत ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून एकटी चालत आली. समोर रस्ता होता, गाड्या दोन्ही बाजूंनी येत होत्या. तिथं ती थांबली, आणि तिनं हात पुन्हा माझ्या हातात दिला.