सात नंबरच्या कोठडीची घंटा

भूतबित, आत्मेबित्मे... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. अशा अनुभवांच्या सदरात लिहायची वेळ तुझ्यावर येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. असो.

मी सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये राहते, ऑफिस तिथून जवळच. आमची कंपनी परदेशातल्या लहान लहान जेलांची कागदपत्रं तपासते. सगळं ठरलेल्या मानकांप्रमाणे असेल तरच त्यांना मान्यता मिळते. प्रत्येक कोठडीत मदतीसाठी घंटा असते. ती दाबली की चौकीतला पहारेकरी बोलतो. या घंटांच्या चाचणीची रेकॉर्डिंग ऐकणं हे माझं काम. महाकंटाळवाणं! खरं सांगते, बरीचशी मी भराभर पुढे सरकवत ऐकायचे.

त्या मंगळवारी जेवून आले, हेडफोन लावला. एका जेलची सात नंबरची कोठडी. घंटा वाजली... आणि दम लागलेला आवाज आला, "चिमे, पंप दे गं."

मला चिमी फक्त दादा म्हणायचा. त्याला दमा होता आणि लहानपणी पंप शोधून आणायचं काम माझं. चार वर्षांपूर्वी मारामारीच्या एका केसमध्ये तो गावाकडच्या जेलमध्ये होता, जामिनाची वाट बघत. दम लागला, हाका मारत राहिला, कुणी आलं नाही, तिथेच गेला. शेजारच्या कैद्याने सुटल्यावर मला हे सांगितलं. मी तेव्हा इथे होते.

भास असणार, म्हणून मी काहीच न सांगता हेडफोन बाजूच्या ह्युई मिनला दिला. तिला मराठीचा गंधही नाही. ऐकून ती म्हणाली, "हू इज चिमे? ही वॉन्ट्स पंप, इज इट?"



मॅनेजरला संध्याकाळपर्यंत फाइल पास करून हवी होती. मी अडूनच बसले – सातची घंटा कॅमेऱ्यासमोर पुन्हा वाजवून दाखवा म्हटलं. दोन दिवसांनी तिथल्या अधिकाऱ्याने कबूल केलं की त्या घंटेची वायर कधीचीच तुटलीय, शेजारच्या कोठडीचं रेकॉर्डिंग सातच्या नावाने पाठवलं होतं. सातमध्ये एक म्हातारा कैदी होता, दम्याचाच. त्याला त्याच दिवशी दुसरीकडे हलवलं.

ते रेकॉर्डिंग नंतर आम्ही दोघींनी कितीदा तरी ऐकलं. नुसती घंटा, आणि पहारेकऱ्याचं "येस?". फाइलला कुणी हात लावलेला नाही, तेही तपासलं. कुणाला काही सुचलं तर सांगा, मी तर हरले.

रविवारी आईचा फोन आला. आवाज असा का गं, म्हणाली. सर्दी झालीय, म्हटलं. दादा झोपेत गेला, त्याला काही कळलंच नाही, असं आम्ही तिला सांगितलंय... तेवढ्यावर ती जगतेय.