कोणाची चूक, कुठली चूक

नेरची गझाला कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांकडे जाऊन त्यांना काय हवं ते लिहून आणायची. त्यावरून यवतमाळच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर बनायचं. काम अर्ध्यावर आलं की ग्राहकाचं म्हणणं बदलायचं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळायच्या.

बाभुळगावची अर्पिता पुण्यातली नोकरी सोडून या कंपनीत कामाची प्रमुख म्हणून आली. म्हणाली, प्रत्येक बदल मोजायचा. लिहिलेली कोणती गोष्ट बदलली, का बदलली, दोष कुठून शिरला. तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'जबाबदार'.

"मोजून राह्यले म्हणजे कोणाले तरी काढायचं असंन," गझाला प्रोग्रॅमर अक्षयला म्हणाली.

त्यालाही तेच वाटत होतं. मग दोघं बदल तोंडीच मिटवू लागले. तक्त्यातले आकडे सुधारले. मालक लखीराम खूश झाले.

हंगामात घाटंजीच्या जिनिंगमध्ये नवं सॉफ्टवेअर लागलं आणि ओल्या कापसाच्या वजनातून दोनदा कपात होऊ लागली. गाड्या खोळंबल्या, आरडाओरड झाली. गझालानं लिहिलं होतं, 'योग्य कपात'. योग्य म्हणजे काय, ते तिनं अक्षयला चालता चालता सांगितलं होतं, आणि त्यानं दुसरंच ऐकलं होतं.

अर्पितानं तिला बोलावलं. "तक्त्यात तर एकही बदल नाही!"

"मॅडम, खरं लिहिलं तर ते माह्या नावावर पडते. हे काम मोजणं हाय, का आमाले मोजणं?"

अर्पितानं तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तो रकाना मालकांनी टाकायला लावला, कोणाला कमी करायचं ते ठरवायला. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

म्हणजे संशय खरा होता. गझालाला राग आला आणि हायसंही वाटलं.

"मग नाव काढा. मी सगळं लिहीन."

अर्पितानं तिच्यासमोर तो रकाना पुसला आणि लखीरामांच्या खोलीत गेली. बराच वेळ आतून चढे आवाज येत होते, पण रकाना परत आला नाही.

आता सगळं लिहिलं जात असल्यानं पुढच्या महिन्यात तक्त्यात दोष वाढलेले दिसले. "हे काय सुधारणं झालं?" लखीराम दोघींकडे रोखून बघत राहिले. पण आता दोषांचं मूळ सापडत होतं. बहुतेक 'योग्य', 'लवकर', 'गरजेप्रमाणे' अशा शब्दांपाशी ते येऊन थांबत. मग त्या शब्दांच्या जागी आकडा किंवा उदाहरण लिहायचं ठरलं, आणि काम सुरू व्हायच्या आधी अक्षयनं ते ग्राहकासमोर वाचून दाखवायचं.

हंगाम सरेपर्यंत पुन्हा करावं लागणारं काम निम्म्यावर आलं. घाटंजीच्या मालकानं दुसऱ्या जिनिंगचंही काम दिलं. गझालाचा मात्र कोणत्याही नव्या तक्त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा कोण वाचणार हाय?"