पलंगावरचा दुसरा माणूस

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन इथेच, आमच्या हिंदीभाषक शहरातल्या फ्रीगंज भागात, एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालं. बँकेतून रिटायर झालेले बाबा पूर्ण भूल घ्यायला राजी नव्हते. आपल्याला काय करताहेत ते आपल्याला कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. म्हणून कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग तेवढं बधिर करायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, की बीपी उतरू शकतं, थंडी वाजते, लघवी अडते, आणि पाय ताब्यात येईपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही. बाबांनी हे सगळं मान्य केलं.

ऑपरेशन नीट झालं. खोलीत आणल्यावर ते कुडकुडत होते म्हणून आईने दोन चादरी घातल्या. थोड्या वेळाने बाबांनी चादरीखाली हात नेला आणि झटकन मागे घेतला. "माफ कीजिए," ते म्हणाले.

घरात आम्ही मराठीच बोलतो; ते हिंदीत म्हणाले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांच्या लेखी समोर कुणी परका आहे.

मला जवळ बोलावून त्यांनी हळूच सांगितलं, "अगं, सिस्टरला सांग, माझ्या पलंगावर अजून एक पेशंट झोपवलाय."

आईने चादर उचलून दाखवली. बाबांना पटेना. त्यांचे स्वतःचे पाय गुडघ्यात वाकून पलंगाच्या कडेवरून खाली लोंबताहेत, हे त्यांना स्पष्ट जाणवत होतं. मग हे सरळ पसरलेले कोणाचे? आईने गुडघ्यावरचा व्रण दाखवला. "अहो, देवास गेटला स्कूटरवरून पडला होतात, ती खूण."

बाबांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "तिथे खूप लोक पडतात," ते म्हणाले.

आई सिस्टरला बोलवायला गेली. तेवढ्यात बाबांनी दोन्ही हातांनी त्यातला एक पाय धरून पलंगावरून खाली ढकलला, आणि त्याच्यामागून स्वतःच घसरू लागले. मी खांद्याला धरलं म्हणून वाचले. धावत आलेल्या सिस्टरने पलंगाचे कठडे वर केले.

डॉक्टरबाई आल्या. बीपी तपासलं, ते ठीक होतं. इंजेक्शन देताना तुम्ही पाय लटकवून बसला होतात, तीच शेवटची खबर मेंदूपर्यंत पोचली, पुढची अजून पोचायची आहे, असं त्यांनी समजावलं. "बाबूजी, पैर आप ही के हैं. थोड़ा सब्र रखिए."

तरी भीती बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी हात धरून बसले.

संध्याकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. बाबांचे डोळे भरून आले. उजवा मात्र तासभर मागे राहिला. तेवढा वेळ ते डावीकडेच सरकून, त्याला जागा देऊन पडले होते.

दुसऱ्या दिवशी ते चालत जाऊन रिक्षात बसले. हा किस्सा आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. बाबा मधे बोलत नाहीत. फारच आग्रह झाला तर म्हणतात, "माणूस गरीब होता बिचारा. काही बोलला नाही."