आठ दिवस पाण्याखाली

वाहरू भोयाच्या हातची राळ दगडाला दगड चिकटवील, असं तापीकाठची माणसं एके काळी म्हणत. एके काळी, बरं का! सत्तावन्न सालच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तीच माणसं म्हणू लागली, म्हातारा कामचुकार. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला नदीला एक डोह आहे. उन्हाळ्यात तापी बाकी सगळीकडे गुडघाभर होते, पण इथं दोन पुरुष पाणी. त्यावर वाहरूची सागवानी नाव चाले. दरसाल खडकाला घासून तिचा तळ कुठे ना कुठे चिरायचाच. दुसरा कुणी असता तर चिरेत राळ ओतून मोकळा झाला असता. वाहरू मात्र आधी नावेत धोंडे भरून तिला आठ दिवस काठच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. उन्हात पडलेलं लाकूड आकसतं आणि चीर आहे त्याहून मोठी दिसते. फळ्या पाणी पिऊन फुगल्या की उरेल ती खरी चीर. मग नाव काढायची, सावलीत सुकवायची, चिरेत कापसाची वात ठोकायची आणि करंजाच्या तेलात कढवलेली राळ वर ओतायची. कोरड्या लाकडात राळ भरली तर पाण्यात फळ्या फुगून तिला बाहेर ढकलतात. बापानं त्याला हे लहानपणीच शिकवलं होतं.

सत्तावन्न साली चैत्रात तो तापानं फणफणला होता. नाव काठावर पालथी, तळाला बोटभर चीर. आखाजी दहा दिवसांवर आली तेव्हा कुठे तो उठला आणि म्हणाला, आज बुडवतो. त्याच दिवशी पलीकडून बांगड्यावाल्याबरोबर लेकीचा निरोप आला. कमली त्याची एकुलती एक. भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन तिला आणायला बापच जायचा. निरोप असा, "बा, परवाच ये. सासू भाऊकडे लग्नाले जाई ऱ्हायनी. ती गयी की माले कोणी धाडाव नही."

परवा! वाहरूनं नावेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. सुंदरबाई म्हणाली, "दोन वरीस व्हई गयात, पोरनं तोंड दखं नही." बस्स. त्यानं त्याच दुपारी चूल पेटवली, राळ कढवली आणि कोरड्या चिरेत ओतली. आग लागो त्या घाईला!

जाताना नाव रिकामी, हलकी. थेंब आत आला नाही. वाहरू मनात खूशही झाला. येताना कमली, तिचा सव्वा वर्षाचा नथ्थू, आणखी तीन माहेरवाशिणी, त्यांची गाठोडी. आधीची दोन मुलं गेली, म्हणून याचं नाक टोचून नाव नथ्थू ठेवलेलं. काळाची नजर चुकावी एवढ्यासाठी. डोहाच्या मधोमध राळेचा अख्खा तुकडा सुटून आत पडला. पाणी घोट्यावर आलं, एक बाई घाबरून उभी राहिली, सगळ्या एका अंगाला सरकल्या आणि नाव कलंडली. वाहरूनं चारही बायकांना ओढून काठाला आणलं. नथ्थू तेवढा हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला, खाली लव्हाळ्यात.

गरजवंताला अक्कल नसते. दोन वर्षांत लोक पुन्हा वाहरूच्या नावेत बसू लागले. कमली नाही बसली. दर आखाजीला तो मुराळी म्हणून पलीकडे जाई, काठावर दुपारपर्यंत बसे आणि रिकामा परत येई. नाव मात्र दरसाल आठ दिवस पाण्याखाली. आता एक दिवससुद्धा कमी नाही. काय उपयोग, म्हणा!

त्रेसष्ट साली सुंदरबाईनं अंथरूण धरलं. अन्न तुटलं. एकच धोशा, "एकदाव कमलीले दखी लेऊ दे, मंग मी जास." वाहरूनं आखाजीची वाट पाहिली नाही. पलीकडे जाऊन माणूस धाडला, तुझी माय चालली म्हणून.

कमली पलीकडच्या काठावर आली. सहा वर्षांनी दिसली पोर, आणि वाहरूला वाटलं ही आपल्यापेक्षाही म्हातारी झालीय. ती बापाशी बोलली नाही. सरळ नावेत वाकली, तळाच्या राळेवरून बोटं फिरवत राहिली.

"आते गळत नही?"

"नही, माय. आठ दिन बुडाडी ठेवेल व्हती."

चुकलं! तोंडातून निघून गेलं. कमलीनं मान वर केली.

"आठ दिन? मंग तव्हय काबरं नही ठेवी?"

उत्तर वाहरूच्या जिभेवर होतं. तूच बोलावलंस, परवाच ये म्हणालीस. एवढं सांगितलं असतं तर सहा वर्षांचा कामचुकारपणाचा बट्टा धुऊन निघाला असता, ती कदाचित तिथंच कोसळून त्याच्या गळ्यात पडली असती, नावेतही बसली असती. आणि मग जन्मभर? आपल्याच निरोपानं पोर गेलं, हे घेऊन ती कुठल्या डोहाकडे जाणार? बापाला ते दिसलं.

"आळस व्हता मन्हा," तो म्हणाला.

कमली नावेपासून मागे सरली. "मायले सांगजो, मी मरी गयी," म्हणाली आणि मागे न बघता वाळूतून निघून गेली.

वाहरू एकटा वल्हवत आला. नावेचा तळ खडखडीत कोरडा होता. घरात शिरला तर सुंदरबाईनं त्याच्या मागे दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. घडलं ते त्यानं सगळं सांगितलं, कमलीचा शेवटचा निरोप तेवढा गिळला. सहा वर्षांपूर्वी घाई झाली ती लेकीच्या निरोपापायी, हे त्या दोघांशिवाय तिसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

"मंग सांगं का तिले, काबरं घाई करी ते?"

"नही."

सुंदरबाईनं पुन्हा एकदा रिकाम्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं करं." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.